एक वायर, आठ फोन आणि आपली जबाबदारी

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, माझ्या आधी दोन वक्ते बोलले. एक घटनेवर बोलले, एक शिक्षणावर. माझा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून मागच्या बाकावरची काही मुलं हसली, ते मी पाहिलं. ‘कॉम्प्युटरमधून मोबाइलला नेट कसं द्यायचं?’ हा काय शिबिराचा विषय झाला? हे तर कुणीही यूट्यूबवर पाहून पाच मिनिटांत शिकतं.

खरंय. पाच मिनिटांचंच काम आहे. ते मी तुम्हाला सांगणारच आहे, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या मोहल्ल्यात अभ्यासिका आहे, वाचनालय आहे, आणि तिथं ते उद्याच उपयोगी पडेल. पण त्या पाच मिनिटांच्या कामातून माझ्या हातून एक चूक झाली आणि एका मुलीचं एक वर्ष गेलं. म्हणून मी आज इथे उभा आहे. आधी काम सांगतो, मग चूक सांगतो.

आमची अभ्यासिका सांगली जिल्ह्यात, एका गावातल्या मोहल्ल्यात आहे. दोन खोल्या. एका खोलीत मुलं बसतात, दुसरीत मुली. मधल्या दारापाशी एक टेबल, त्यावर एक डेस्कटॉप. हा कॉम्प्युटर एका कार्यालयानं जुना झाला म्हणून दिलेला. नेट आहे ते केबलवाल्याचं. खांबावरून एक वायर येते, खिडकीतून आत येते आणि थेट कॉम्प्युटरच्या पाठीमागे घुसते. वायफाय नाही, राउटर नाही. केबलवाल्याकडे त्या एका कॉम्प्युटरची नोंद, त्याच्यावरच नेट चालणार.

आता जून-जुलै आठवा. दहावी-बारावीचे निकाल, प्रवेशाचे अर्ज, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, सगळं एकदम येतं. कॉम्प्युटर एक आणि रांगेत पंधरा जण. बहुतेकांकडे मोबाइल आहे, निदान घरात एक तरी आहे. पण दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपलेला, किंवा रिचार्जच नाही. “भाई, नेट मिलेगा क्या?” हा प्रश्न मी त्या दिवसांत किती वेळा ऐकला असेल, मोजलं नाही.

मग मुलं काय करायची? मोबाइल माझ्या हातात द्यायची. “भाई, तुम्हीच भरा.” आधार नंबर मला सांगायची, पासवर्ड मला सांगायची, ओटीपी आला की तोही मोठ्यानं वाचून दाखवायची. शेजारी रांगेतले दहा जण ऐकतायत. जिथं अभ्यासिका नाही तिथं हेच काम पैसे घेऊन दुकानात होतं. तिथं पासवर्ड दुकानदाराच्या वहीत लिहिलेला असतो आणि पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं तर पुन्हा त्याच दुकानात जावं लागतं, कारण पासवर्ड त्याच्याकडे आहे. आपला अर्ज, आपली कागदपत्रं, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

मला वाटलं, नेट जर यांच्या फोनपर्यंत पोचवता आलं, तर प्रत्येक जण आपापला अर्ज आपल्या हातानं भरेल. राउटर घ्यायचा तर समितीची मंजुरी हवी, मंजुरीसाठी बैठक हवी, आणि अर्जाची शेवटची तारीख तीन दिवसांवर. म्हणून कॉम्प्युटरलाच कामाला लावलं.

आता पद्धत. लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

डेस्कटॉपमध्ये बहुतेक वेळा वायफाय नसतं. लॅपटॉपमध्ये असतं. त्यामुळे डेस्कटॉपला यूएसबीमध्ये बसणारा छोटा वायफाय अडॅप्टर लागतो. नखाएवढा असतो, राउटरपेक्षा बराच स्वस्त मिळतो. पण एक लक्षात ठेवा: प्रत्येक अडॅप्टर वायफाय पकडतो, पण प्रत्येक अडॅप्टर वायफाय पसरवू शकेलच असं नाही. घेतानाच दुकानदाराला विचारा, “यावर हॉटस्पॉट चालू होतो का?” आणि नाही चालला तर परत घेईल का, तेही विचारा.

अडॅप्टर लावला की विंडोज दहा किंवा अकरामध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, तिथं मोबाइल हॉटस्पॉट असं लिहिलेलं दिसेल. त्यात दोन गोष्टी ठरवायच्या. नेट कुठून घ्यायचं? तर वायरवरून, म्हणजे इथरनेट. आणि कशावरून वाटायचं? तर वायफायवरून. मग नाव आणि पासवर्ड बदला. पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो. बटण चालू करा. मुलांच्या फोनमध्ये वायफायच्या यादीत तुमचं नाव दिसायला लागेल. झालं काम. विंडोजचा हा हॉटस्पॉट एका वेळी आठ फोनपर्यंत घेतो. नववा आला की त्याला थांबावं लागतं. आमच्याकडे पाळ्या लावल्या होत्या, अर्ज भरणाऱ्याला आधी.

लिनक्स असेल तर तिथंही वायफायच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचं बटण असतं. मॅकवर शेअरिंगमध्ये इंटरनेट शेअरिंग असतं. तत्त्व सगळीकडे एकच.

आता अडचणी. या मी अनुभवानं शिकलो, तुम्ही ऐकून शिका.

पहिली. फोन म्हणतो ‘कनेक्टेड’, पण खाली लिहितो की इंटरनेट नाही. घाबरू नका. आधी कॉम्प्युटरवर एखादी साइट उघडून पाहा. तिथंच नेट नसेल तर फोनला कुठून मिळणार? विहिरीतच पाणी नाही तर पोहरा काय आणणार? कॉम्प्युटरवर नेट असेल, तर नेट कुठून घ्यायचं या ठिकाणी चुकीचं नाव निवडलेलं आहे का ते बघा.

दुसरी. दहा मिनिटं सगळं नीट चालतं आणि मग सगळ्यांचं एकदम बंद पडतं. कारण कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही म्हणून तो झोपला. पॉवरच्या सेटिंगमध्ये त्याची झोप बंद करा. स्क्रीन काळी झाली तरी चालेल, मशीन झोपता कामा नये. शिवाय कुणीच जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपोआप बंद होण्याचीही एक सोय असते, तीही बंद करून ठेवा.

तिसरी. एखाद्याच्या जुन्या फोनला आपलं नाव दिसतच नाही. हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर असेल तर जुने फोन तो पाहू शकत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झ निवडा.

चौथी. वेग एकदम पडतो. कारण बहुतेक फोनना वायफाय म्हणजे फुकटचं नेट वाटतं. वायफाय मिळालं की फोन स्वतःच अ‍ॅप अपडेट करायला लागतो, फोटो वर चढवायला लागतो. अँड्रॉइडमध्ये त्या वायफायच्या तपशिलात जाऊन ते ‘मीटर्ड’ आहे असं सांगता येतं. मग फोन जरा हात आखडता घेतो. मुलांना हे पहिल्याच दिवशी शिकवा.

पाचवी, आणि सगळ्यात जास्त गोंधळ हिच्यामुळे होतो. ओटीपी. मुलं म्हणतात, “नेट आलं, पण ओटीपी येत नाही.” ओटीपीचा एसएमएस सहसा आपल्या वायरवरून येत नाही, तो मोबाइलच्या टॉवरवरून येतो. सिमची मुदत संपली असेल किंवा खोलीत रेंज नसेल, तर आपला हॉटस्पॉट कितीही जोरात असला तरी ओटीपी बहुधा येणार नाही. आणि तो येणार कुठे? आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर बऱ्याचदा अब्बांचा असतो, आणि अब्बा कामावर असतात. म्हणून अर्ज भरायला येण्याआधीच, कोणता नंबर आधारला जोडलाय ते घरी विचारून या, असं आम्ही आता फलकावरच लिहितो.

आणि लाइट गेली की सगळंच गेलं. वायर चालू असली तरी कॉम्प्युटर बंद. एका कॉम्प्युटरवर आठ जण अवलंबून असण्याचा तो तोटाच आहे.

काही जण विचारतील, वायफाय अडॅप्टर नाही, नुसती यूएसबी केबल आहे, तर? तसंही होतं. फोनचं नेट केबलनं कॉम्प्युटरला देणं सोपं असतं, त्याला टेदरिंग म्हणतात. आपल्याला उलटं करायचंय. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ‘नीरहटेट’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. टेदरिंग हा इंग्रजी शब्द उलटा लिहून त्याचं नाव ठेवलंय. पण त्यासाठी फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. म्हणजे त्या कॉम्प्युटरला तुमच्या फोनमध्ये शिरायची परवानगीच दिल्यासारखं. अ‍ॅप टाकणं, फाइल काढून घेणं, बरंच काही तिथून करता येतं. स्वतःच्या फोनला, स्वतःच्या कॉम्प्युटरवर करायचं तर करा, आणि काम झालं की ते बंद करा. अभ्यासिकेच्या सार्वजनिक कॉम्प्युटरला मुलींच्या फोनचं डीबगिंग चालू करून जोडू नका. नुसता चार्जिंगला लावला तरी फोन जे विचारतो, त्याला ‘फक्त चार्जिंग’ असंच उत्तर द्यायचं.

हा उद्योग नवा नाही बरं का. स्मार्टफोनच्या आधी पॉकेट पीसी नावाची हातात मावणारी यंत्रं होती. त्यातल्या बऱ्याच यंत्रांना स्वतःचं नेटच नसायचं. ती कॉम्प्युटरला केबलनं जोडायची आणि कॉम्प्युटरच्या नेटवरून ईमेल घ्यायची. विंडोजमध्ये एकाचं नेट दुसऱ्याला वाटायची सोय तर १९९९पासून, विंडोज ९८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा साहेब लोकांच्या सोयीसाठी जे केलं, ते आज आपल्या मोहल्ल्याच्या गरजेचं झालं, इतकंच.

आता मुद्द्याकडे येतो. हे जोडल्यावर आत नेमकं काय होतं?

फोन जोडला की कॉम्प्युटर त्याला एक घरगुती पत्ता देतो. फोनच्या वायफाय तपशिलात गेटवे म्हणून १९२.१६८.१३७.१ असा आकडा दिसला, तर तो आपला विंडोजवाला कॉम्प्युटर. फोन म्हणतो, मला अमुक साइट हवी. कॉम्प्युटर ती मागणी घेतो, त्यावरचा फोनचा पत्ता पुसतो, स्वतःचा लिहितो आणि बाहेर पाठवतो. उत्तर आलं की कुणाचं होतं ते त्याला आठवत असतं, तो ते त्या फोनला देतो. पूर्वी मोहल्ल्यात एकाच घरी फोन असायचा. सगळ्यांचे निरोप त्या घरच्या नंबरवर यायचे आणि त्या घरचं पोरगं पळत जाऊन सांगायचं, “खाला, तुमचा फोन आलाय.” अगदी तसंच.

यातून दोन गोष्टी होतात.

एक, बाहेरच्या जगाला आठ फोन दिसत नाहीत. एकच कनेक्शन दिसतं. उद्या कुणी त्यावरून धमकीचा मेसेज टाकला, फसवणूक केली, तर शोध घेणारे ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याच्या दारात येणार. आपल्या मोहल्ल्यात ही भीती किती खरी आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून पासवर्ड भिंतीवर लिहून ठेवायचा नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटायचा नाही. रस्त्यावरच्या सगळ्यांसाठी वायफाय द्यायचं असेल तर त्यासाठी केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना आहे, २०२०च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली. छोटा दुकानदारही त्यात सामील होऊ शकतो. तो वेगळा, रीतसर रस्ता आहे. आपली ही सोय ओळखीच्या विद्यार्थ्यांपुरती, आणि तीही केबलवाल्याला विचारून.

दुसरी गोष्ट. त्या एकाच फोनवाल्या घराला सगळ्यांच्या बातम्या आपोआप कळायच्या. कुणाच्या मुलीचं ठरतंय, कुणाचा पोरगा दुबईहून पैसे पाठवत नाही, सगळं. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेल्या फोनची नावं दिसतात. फोन कुठल्या साइटवर गेला, हे बघणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. आजकाल बहुतेक साइटवरची देवाणघेवाण कुलूपबंद असते. त्यामुळे तुम्ही काय लिहिलं, काय वाचलं, पासवर्ड काय, हे मधल्या माणसाला दिसत नाही. पण साइटचं नाव बहुधा दिसतं. कधी गेलात, किती वेळ होतात, तेही कळतं. पत्र पाकिटात बंद आहे, पण पाकिटावरचा पत्ता पोस्टमन वाचू शकतो.

तर मी तो पोस्टमन होतो. आणि मी पत्ते वाचले.

झालं असं. नेट सुरू होऊन काही आठवडे झाले. समितीतले एक बुजुर्ग चाचा मला म्हणाले, “बेटा, मुलं-मुली नेटवर काय बघतात, लक्ष ठेव. उद्या लोक आपल्याला बोलतील.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. अभ्यासिका बंद पडू नये, एवढंच त्यांना हवं होतं. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटली. आपल्याला हे तंत्र येतं, याची एक ऐट असते. मी ते सॉफ्टवेअर टाकलं आणि दोन-तीन संध्याकाळी बघत बसलो. कुणालाही सांगितलं नाही.

काय दिसलं? क्रिकेट, गाणी, यूट्यूब, अर्जांच्या साइट. काहीही भयंकर नाही. पण एका फोनवरून एका दुसऱ्या शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाची साइट दोन संध्याकाळी उघडलेली दिसली. फोनला त्या मुलीचंच नाव होतं. बारावी झालेली, नर्सिंगला जायचं म्हणणारी, आमच्या अभ्यासिकेतली सगळ्यात मेहनती मुलगी.

तिचा भाऊ माझा वर्गमित्र. टपरीवर चहा पिता पिता मी सहज त्याला म्हणालो, “काय रे, बहिणीला बाहेर पाठवताय वाटतं? हॉस्टेल बघत होती.” मला वाटलं, कौतुकाचीच गोष्ट आहे. त्याचा चेहरा उतरला. घरी कुणालाच माहीत नव्हतं. ती आधी माहिती काढत होती. खर्च किती, राहायची सोय काय, हे सगळं हातात घेऊन मग अम्मीशी आणि अब्बांशी बोलणार होती. बोलायची वेळ तिनं ठरवायची होती. ती मी ठरवली, चहाच्या टपरीवर.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. फोन काढून घेतला. घरात काय काय झालं ते मला पूर्ण माहीत नाही, आणि माहीत असतं तरी मी इथं सांगितलं नसतं. अर्जाची तारीख निघून गेली. महिन्याभरानं ती अभ्यासिकेचं एक पुस्तक परत करायला आली. तिच्यासोबत धाकटा भाऊ होता. मी माफी मागायला तोंड उघडलं. ती एवढंच म्हणाली, “भाई, वायर तुमची होती. फोन तर माझा होता ना?”

पुढच्या वर्षी तिनं प्रवेश घेतला. ते श्रेय तिचं आणि तिच्या अम्मीचं. अम्मी ठाम उभी राहिली. पण गेलेलं वर्ष माझ्या खात्यावर आहे.

त्यानंतर मी वाचायला लागलो. २०१७च्या २४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या २१व्या कलमातला. मला वाटायचं, हे सरकार आणि मोठ्या कंपन्यांसाठी असेल. आपल्या दोन खोल्यांच्या अभ्यासिकेचा काय संबंध?

मग फहीमा शिरीनचा खटला वाचला. केरळमधल्या कोळिकोड जिल्ह्यातली कॉलेजची विद्यार्थिनी. तिच्या वसतिगृहात मुलींना ठरावीक तासांत मोबाइल वापरायला बंदी होती. तिनं ती मानली नाही, तिला वसतिगृह सोडावं लागलं. ती उच्च न्यायालयात गेली. २०१९च्या सप्टेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयानं निकाल दिला की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, आणि तिला वसतिगृहात परत घ्यायला सांगितलं. मोबाइलमुळे मुली बिघडतील, अभ्यास होणार नाही, हेच तिथंही सांगितलं जात होतं. आपल्या चाचांचं वाक्य आणि त्या वसतिगृहाचं वाक्य, दोन्ही एकच.

काही जण म्हणतील, कोर्टाचं ठेवा बाजूला, आपल्या दीनमध्ये काय आहे ते सांगा. ठीक. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याच्या पाळतीवर राहायला, त्याच्या झाकलेल्या गोष्टी उकरून काढायला मनाई आहे. तजस्सुस हा शब्द मौलानांना विचारा, ते सांगतील. आणि अमानत हा शब्द तर आपल्या घराघरात आहे. कुणी दागिने ठेवायला दिले, तर डबा उघडून आत काय आहे ते आपण बघत नाही. माझ्या वायरवरून गेलेली प्रत्येक मागणी ही अमानत होती. मी डबा उघडला, आणि वर त्यात काय आहे ते टपरीवर सांगितलं. घटनेकडे जा, नाहीतर दीनकडे जा, मी दोन्हीकडे चुकलेलो आहे.

आपण तलाकबद्दल बोलतो, मुलींच्या शिक्षणाबद्दल बोलतो. १९६६मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, हे आपण दरवर्षी आठवतो आणि अभिमानानं सांगतो. पण बाईचा हक्क दर वेळी मोर्च्यातच लागतो असं नाही. एखाद्या संध्याकाळी मधल्या दाराजवळ, एका मुलीच्या फोनवर, एका वसतिगृहाच्या पानावरही तो असतो. तिथं तिच्या बाजूनं उभं राहायचं म्हणजे फार काही करायचं नव्हतं. मी बघायचं नव्हतं आणि बोलायचं नव्हतं.

मग आम्ही काय केलं? ते सॉफ्टवेअर मी काढून टाकलं. समितीची बैठक झाली. मी सगळं सांगितलं, चाचांसमोरच. चाचा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मग पोलीस आले तर आपण काय दाखवायचं?” प्रश्न योग्य होता. त्याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून काढलं. एक वही ठेवली. त्यात नाव, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सही. कोण आलं आणि कधी आलं, एवढं लिहायचं. काय बघितलं, ते लिहायचं नाही, बघायचंही नाही.

ते नियम आता भिंतीवर आहेत, मराठीत आणि उर्दूत. थोडक्यात सांगतो. वहीत सही करूनच नेट मिळेल. पासवर्ड दर महिन्याला बदलेल. कोण काय पाहतं यावर पाळत ठेवणारं काहीही या कॉम्प्युटरवर नाही, आणि कधी ठेवायची वेळ आलीच तर आधी सगळ्यांना सांगितलं जाईल. अर्ज प्रत्येकानं आपल्या फोनवर आपल्या हातानं भरायचा. अडलं तर मदत मिळेल, पण पासवर्ड आणि ओटीपी मदत करणाऱ्यालाही सांगायचा नाही. आणि घरच्यांनी मुलांच्या नेटबद्दल विचारलं, तर उत्तर एकच: त्यांनाच विचारा.

शेवटच्या नियमावरून वाद झाला. दोन पालकांनी मुलींना पाठवणं थांबवलं. त्यातली एक मुलगी काही दिवसांनी परत आली, एक आली नाही. हे मी लपवत नाही. पण जे येतात, ते आता भरवशानं येतात.

आणखी एक बदल केला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. टेबलामागच्या खुर्चीवर आता मी एकटा बसत नाही. आठवड्यातले तीन दिवस दोन मुली बसतात. हॉटस्पॉट चालू करणं, अडॅप्टर बिघडला तर ड्रायव्हर पुन्हा टाकणं, पासवर्ड बदलणं, सगळं त्या करतात. त्यातल्या एकीनं तर मला न विचारता कॉम्प्युटरची झोप बंद करून ठेवली, जे मला शोधायला आठवडा लागला होता. तंत्र एकाच्याच हातात राहिलं की तो भाई नाहीतर साहेब होतो. चार जणांना आलं की कुणाला साहेब व्हायला जागा राहत नाही.

आता तुमच्याकडे येतो. जेवणाच्या सुट्टीनंतर मी बाहेरच्या टेबलावर कॉम्प्युटर आणि अडॅप्टर घेऊन बसणार आहे. प्रत्येकानं स्वतःच्या हातानं एकदा हॉटस्पॉट चालू करून, दुसऱ्याचा फोन जोडून बघा. मुलींनी आधी यायचं. तुमचा फोन कुणाच्याही वायफायला जोडताना तीन गोष्टी तपासा: साइट कुलूपबंद आहे का, फोनच्या नावात तुमचं नाव आहे का, आणि ही वायर कुणाची आहे. फोनचं नाव सेटिंगमध्ये बदलता येतं, आजच बदला.

आणि तुमच्यापैकी जे उद्या आपल्या मोहल्ल्यात असं टेबल मांडतील, त्यांना एवढंच सांगायचंय. पुढे कधीतरी तुमच्या अभ्यासिकेत राउटर येईल, चांगलं वायफाय येईल, हा कॉम्प्युटर भंगारात जाईल. पण मध्ये बसलेला माणूस राहणारच आहे. कुणीतरी तुम्हालाही चहा पिता पिता विचारेल, “काय रे, आमची पोरगी तिथं काय करते?”

त्या वेळी चहा प्या, आणि गप्प बसा.